कोळंजन

माझ्या सासूचं तोंड आज कुणाकुणाच्या न्हाणीघरात आहे ते देवालाच ठाऊक. डबीवर छापलेलं आहे ते. डोक्यावर पदर, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ आणि खांद्यावरून पुढं घेतलेली पांढरी वेणी, कमरेच्याही खाली गेलेली. सत्तरीत एवढे केस टिकलेली बाई आमच्या खोऱ्यात दुसरी नाही, म्हणून तर फोटो त्यांचा घेतला. वर नाव आहे, ‘सगुणाआजीचा केसलेप’. खाली बारीक अक्षरात, ‘आजीच्या कोळंजनाचा गुण’.

ही खालची ओळ खोटी आहे. खोटं बोलायचं असं ठरवून ते कुणी बोललं नाही, निदान सुरुवातीला तरी. एका म्हातारीला एक शब्द चुकीचा ऐकू आला आणि तो चुकीचा शब्द सगळ्यांनाच सोयीचा निघाला. माझं डोकं आजही फिरतं ते त्या सोयीवर.

आम्ही गुंजवण्याकडच्या. आमचं खालचं गाव धरणात गेलं आणि आम्ही वर माळावर आलो. तालुक्याचं नाव कागदोपत्री बदललं तरी एसटीचा कंडक्टर अजून वेल्हंच म्हणतो, तसं आम्हीही वस्तीला जुन्याच गावाचं नाव लावतो. धरणानं खाचरं घेतली आणि मासे दिले. सौदा कसा झाला ते तुम्हीच बघा.

चार वर्षांपूर्वी भोरहून वैदेहीताई आल्या. भोरात त्यांचं घर, नवरा प्रद्युम्न औषधांच्या कंपनीत केमिस्ट. आमच्या बचत गटाला काम हवं होतं, त्यांना हात हवे होते. गावकीच्या खोलीत दोन शेगड्या मांडल्या आणि आम्ही नऊ जणी कामाला लागलो. जवस उकळून त्याचा चिकट रस फडक्यातून गाळायचा, कोरफडीचा गर घोटायचा, जास्वंदीची पानं वाटायची. सगळं आमच्या रानातलं. बाहेरची वस्तू एकच, एक पांढरी पूड. ती पिशवीतून यायची आणि कोमट पाण्यात विरघळवून शेवटी लेपात घालायची.

‘आणि हे कोलाजेन,’ ताई पहिल्या दिवशी पिशवीचं तोंड कापत म्हणाल्या. ‘यानं केस भरदार दिसतात. खरी जादू याचीच आहे.’

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात पोत्यावर बसून कोरफडीचे काटे काढत होत्या. कानानं जरा कमी. त्या म्हणाल्या, ‘कोळंजन व्हय? मग ठावं हाय की. माज्या माहेरी भजनातली मानसं जिभंखाली धरायची. आवाजाला लई गुणाचं.’

आम्ही कुणी हसलो नाही, कारण आम्हालाही तेच ऐकू आलं होतं. कोळंजन म्हणजे ती आल्यासारखी मुळी, घसा बसला की चघळतात, एवढं कुणालाही माहीत असतं. कोलाजेन हा शब्द आमच्या सात पिढ्यांत कुणी उच्चारलेला नव्हता. ताईंनी आत्याबाईंकडं बघितलं, जरा थांबल्या आणि गोड हसल्या. ‘आजी, तुम्हाला तर सगळंच माहितीये,’ म्हणाल्या. ते थांबणं मी विसरत नाही. तेवढ्यात ‘नाही आजी, ते वेगळं’ हे चार शब्द सहज बसले असते.

सहा महिन्यांनी छापील लेबलं आली. त्यांच्यावर आत्याबाईंचा फोटो होता, हिरवा ठिपका होता आणि ‘आजीच्या कोळंजनाचा गुण’ होता. मग शंका घ्यायला जागाच उरली नाही. आमच्यासारख्यांना छापलेलं खोटं असतं हे उशिरा कळतं.

आता आत्याबाईंच्या माळेचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझा धाकटा दीर बंडू सहा वर्षांचा असताना मेंदूज्वरानं पडला. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात अकरा दिवस त्यानं डोळा उघडला नव्हता. मी तेव्हा या घरात नव्हते, पण लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मला ही गोष्ट ऐकवली गेली. आत्याबाई दवाखान्याच्या जिन्यात बसून बोलल्या होत्या, ‘पोर उठू दे, मरस्तवर तोंडाला वशाट लावणार न्हाई.’ बाराव्या दिवशी बंडूनं पाणी मागितलं. गावी आल्या आल्या आत्याबाईंनी माळ घातली. त्याला चोवीस वर्षं झाली.

वशाट सोडणं ब्राह्मणाला सोपं. मुळात खातच नाहीत तर सोडणार काय. आमच्याकडं पावसाळ्यात ओढ्याला खेकडे निघतात आणि घराघरांत कालवण शिजतं. सगुणाच्या हातचं कालवण वस्तीत कुणाला जमायचं नाही, असं माझे सासरे मरेपर्यंत म्हणत. माळ घातल्यापासून असल्या दिवशी आत्याबाई गोठ्यात जाऊन बसायच्या. मला आधी वाटायचं, त्यांना किळस येते. एकदा मी ताक घेऊन गेले तर नाकाला पदर लावून बसल्या होत्या आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळत होत्या. मला बघून ओशाळल्या. ‘एवडी वर्सं झाली गं,’ म्हणाल्या, ‘पर जीभ काय सुदरत न्हाई.’ आवड मेलेली नसताना राखलेलं व्रत होतं ते. त्या दिवसापासून मी त्यांना मनातल्या मनात घाबरायला लागले आणि मानायलाही.

तर कोळंजन. आत्याबाईंचा आवाज दोन वर्षं बसलेला होता. देवळात भजनाला त्या नुसते टाळ धरून बसायच्या, तोंड हलायचं, आवाज नाही. गेल्या दिवाळीच्या आधी त्यांनी पुडीकडं बोट करून मला हळूच विचारलं, ‘चिमूटभर मिळंल का गं?’ माहेरी कोळंजन गाणाऱ्या बाप्यांना मिळायचं. पोरींना कोण देतं, पोरींनी कुठं गायचं होतं. ‘तवा मागाय भ्यालं मी,’ म्हणाल्या, ‘आता म्हातारपनी घेते.’

पिशवी रिकामी झाली की तळाला दोन-चार चमचे राहायचे. ते मी एका स्टीलच्या डब्यात झाडून आणायची. रोज सकाळी चहाच्या आधी चमचाभर पूड मधात कालवून आत्याबाईंना द्यायची. त्यांचे हात कापतात, मध सांडतो, म्हणून मीच भरवायची. भजनातले कुंडलिकबुवा एकदा म्हणाले होते की कोळंजन जिभेला झोंबतं. तर आमच्या गटातल्या शिवानीनं त्यांना गप्प केलं, ‘बुवा, ते गावठी. ह्ये कंपनीनं शुद्ध केल्यालं हाय, झोंबरेपना काढून टाकलाय.’ आम्हाला ते पटलं. कंपनी सगळंच काढून टाकू शकते असं आम्ही धरूनच चालतो.

आणि गुण आला की. दिवाळीनंतर आत्याबाईंचा आवाज मोकळा झाला. गुडघेसुद्धा हलके झाले म्हणाल्या. आता तो गुण पुडीचा, मधाचा, की रोज सकाळी कुणीतरी समोर बसून भरवतं त्याचा, मला नाही सांगता येणार. एकादशीला त्यांनी देवळात एकटीनं अभंग म्हटला तेव्हा बायाबापड्यांनी डोळे पुसले. त्यात मीही होते.

एक गोष्ट मी लपवणार नाही. पूड कोमट पाण्यात पडली की एक वास यायचा. फार नाही, पहिली वाफ निघून जाईपर्यंत. आठवड्याला धरणातले मासे साफ करणारी बाई मी, मला तो वास नवीन नव्हता. मी नाकाला म्हटलं, गप बस. पिशवीला ओल लागली असेल, टेम्पोत कशाच्या तरी शेजारी ठेवली असेल. घर सोडून न जाता नऊ जणींना काम मिळालं होतं. त्यापायी माझं नाकसुद्धा शहाण्यासारखं वागायला लागलं होतं.

मार्गशीर्षात बंडूचा अपघात झाला. तो शिरवळला कंपनीत असतो. सारोळ्याला नीरेच्या पुलाजवळ ट्रकनं त्याच्या मोटारसायकलीला घासलं. गाडीचा चेंदामेंदा झाला आणि बंडूचा नुसता पाय मोडला. बघणारे म्हणत होते, हा वाचला कसा. आत्याबाईंना ते विचारायचं कारणच नव्हतं. भेटायला येईल त्याला त्या गळ्यातली माळ चिमटीत धरून सांगायच्या, ‘ही राखली म्हनून पायावर निभावलं.’ बंडू अजून कुबडीवर चालतो. त्या रोज संध्याकाळी फोनवर त्याला एकच विचारतात, आज पाऊल टेकलं का.

चैत्रात लेबलांचा नवा गठ्ठा आला. शिवानीनं पहिलं लेबल सोलून डबीवर लावलं आणि म्हणाली, ‘हे बघा, मावशीला कुकू लावलं कुनीतरी.’ फोटोच्या शेजारी जिथं हिरवा ठिपका असायचा तिथं तपकिरी आला होता. सासरे जाऊन सात वर्षं झालीत, त्यामुळं सगळ्या हसल्या आणि लगेच जिभा चावल्या. प्रेरणा तेवढी हसली नाही. ती आमच्यात सगळ्यात लहान, बारावी झालेली.

‘काकू, ह्यो कुकवाचा न्हाई,’ ती म्हणाली. ‘बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका आसतो ना, शाकाहारी आसंल तर? तपकिरी म्हंजी जनावराचं कायतरी हाय आत.’

‘छापनाऱ्याची चूक आसंल,’ मी म्हटलं.

तिनं लेबलावरचा इंग्रजी शब्द एकेक अक्षर बघून मोबाईलवर टाकला आणि वाचत गेली. कोळंजन वेगळं, कोलाजेन वेगळं. माशाची खवलं, कातडी, जनावरांची हाडं. उकळून, आटवून, पूड करून.

 मग शिवानी म्हणाली, ‘आस्तं तर आस्तं. आपुन काय माळकरी हाय का?’ बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. आम्ही सगळ्यांनी दाराकडं बघितलं. पोतं रिकामं होतं. एकादशी होती, आत्याबाई देवळात गेल्या होत्या. मावशींच्या कानावर जाता कामा नये, असं नऊ जणींनी तिथंच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई उठायच्या आत निघाले, त्या सकाळचा चमचा चुकवला आणि भोर गाठलं. नसरापूरला उतरले, कापूरहोळला गाडी बदलली, सगळ्या वाटेनं मनातल्या मनात भांडत गेले. वैदेहीताईंनी हसून दार उघडलं, कॉफी दिली. मी लेबल त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

‘अहो, एवढंच ना,’ ताई म्हणाल्या. ‘आता मोठी दुकानं आपला माल घेतायत. त्यांनी तपासणी मागितली. ठिपका खरा छापावाच लागतो.’

‘म्हंजी आदीचा खोटा हुता?’

‘खोटा असं नाही. राहून गेलेलं.’

‘कशाचं आस्तंय ते?’

‘या खेपेचं माशांचं आहे. खवल्यांचं. अगदी स्वच्छ असतं हो.’

‘आन आदीच्या खेपा?’

त्यांनी कपात चमचा फिरवला. ‘ते पुरवठादारावर असतं. कागदावर नुसतं प्राणिजन्य लिहितात.’

कुठला प्राणी ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर बरोबर घेऊन घरी जावं लागलं असतं.

‘ताई, आमच्या आत्याबाई माळकरी हाईत,’ मी म्हटलं. ‘माळंसकट फोटू छापलाय तुमी. आन त्या ती पूड रोज खात्यात.’

‘खातात?’ त्या खरोखर दचकल्या. ‘अहो, ते केसांना लावायचं असतं.’

‘कोळंजन म्हनून खात्यात. आवाजासाठी.’

‘हे बघा सुलक्षणाताई, मी कधीच कोळंजन म्हटलेलं नाही. तुम्हीच म्हणालात.’

‘आन छापलं कुनी?’

‘ती गोष्ट आहे हो. लोकांना गोष्ट लागते. आजी तेव्हा किती गोड म्हणाल्या होत्या.’ मग आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखं त्या म्हणाल्या, ‘आणि तुमच्याकडे मासे, मटण चालतंच ना? मला वाटलं, तुम्हा लोकांना त्याचं काय.’

तुम्हा लोकांना. धरणाच्या वेळी साहेब लोक आले होते तेही असंच बोलत. तुम्हा लोकांना काय, कुठंही राहता येतं.

मला तिथं बसवेना. तोंडावर पाणी मारायला म्हणून आत गेले. न्हाणीघरातल्या फळीवर आमचीच डबी होती, तेच झाकण, तोच आकार, पण लेबल नव्हतं. झाकणावर पट्टी चिकटवून पेनानं लिहिलं होतं, ‘आईंचे. पूड न घालता.’ मी डबी हातात घेऊन बाहेर आले.

‘ह्ये काय?’

‘ते होय,’ ताई म्हणाल्या. ‘आमच्या सासूबाईंचं. त्यांचं सोवळं फार कडक, त्यांना असलं चालत नाही. म्हणून त्यांच्यापुरतं मी घरी वेगळं करते.’

अगदी सहज सांगितलं त्यांनी. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. चार वर्षं. चार वर्षं ही बाई आपल्या सासूसाठी वेगळं घोटत होती आणि माझ्या सासूचा फोटो लावून ते दुसरं विकत होती. आमच्या वस्तीवर माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही. पण तिथं मी डबी नुसती लेबलाशेजारी ठेवली.

‘तुमची सासू ती सासू,’ मी म्हटलं. ‘आन आमची नुस्ती डबीवर लावायला.’

‘असं काय बोलता? लेबलावरचं कोळंजन काढून टाकते मी हवं तर.’ दारापर्यंत सोडायला आल्यावर त्या म्हणाल्या, ‘फक्त आजींना सांगू नका हं. त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे.’

श्रद्धेची काळजी वाहणारं माणूस भेटलं एकदाचं, असं म्हणत मी भोरच्या बाजारात आले.

सांगू नका, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. मला सांगता येणारच नव्हतं. आत्याबाईंना एकदा कळलं की त्या महिने मोजणार होत्या. दिवाळीच्या आधी पूड सुरू झाली, मार्गशीर्षात बंडूची गाडी ट्रकखाली गेली. एवढं त्यांना पुरेसं होतं. जे व्रत आपण राखलं म्हणून पोर वाचलं असं त्या जगाला सांगत होत्या, ते आपणच मोडलं म्हणून पोर चिरडता चिरडता राहिलं, असं त्या धरून बसल्या असत्या. ते त्यांच्या डोक्यातून मी काढू शकले नसते, बंडूही नाही, आणि त्यांच्या देवालाही ते जमलं नसतं. माझा नवरा धनाजी, त्याला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, ‘आई झुरून मरंल.’

म्हणून मी काष्ठौषधीच्या दुकानात शिरले आणि कोळंजन मागितलं. खरं. मुळी दळून पूड करून दिली त्यांनी, कागदात बांधून. मला तेव्हा मोठी युक्ती केल्यासारखं वाटलं होतं. शब्द कोळंजनच होता, आता वस्तूही कोळंजन होईल, जुनी पूड धरणात नेऊन टाकली की झालं. झालेलं मागचं कुणाला कळणार नाही. घरी पोहोचायला अंधार पडला, म्हणून टाकायचं काम सकाळवर ठेवलं.

सकाळी त्या उठल्या, तोंड धुतलं, भिंतीला टेकून बसल्या. मी नवी पूड मधात कालवून चमचा पुढं केला. तोंडात घेतलं मात्र, आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते ओंजळीत थुंकलं.

‘ह्ये काय गं? नुस्ता जाळ हाय.’

‘कोळंजनच हाय, आत्याबाई. गावठी आनलंय या बारीला.’

‘मग इतकं दिस देत हुतीस ते?’

‘तेबी कोळंजनच. शुद्ध केल्यालं.’

त्यांनी पदरानं ओठ पुसले.  मग म्हणाल्या, ‘काल शिवानी आलती. म्हनली, मावशी, मनाला लावून घेऊ नगा, ठिपका आलाय डबीवर. म्या म्हनलं, कसला ठिपका. तर गप झाली आन पळाली.’

नऊ जणींचं गुपित एक दिवससुद्धा टिकलं नव्हतं.

‘म्या प्रेरणाला विचारलं,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘ती रडाया लागली. कायबी बोलली न्हाई.’ त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘सुलू, त्यात वशाट हाय का?’

त्यांनी आवाज चढवला नव्हता. तो मोकळा झालेला आवाज होता, एकेक अक्षर स्वच्छ.

‘आसंल तर सांग,’ त्या म्हणाल्या. ‘तुला बोल लावनार न्हाई म्या. तुला तरी कुठं ठावं आसनार. पर मला कळाय पायजे. बंडूचा पाय मग माज्यामुळंच...’

‘न्हाई,’ मी म्हटलं. त्यांचं वाक्य मला पुरं होऊ द्यायचं नव्हतं. ‘ठिपका छापनाऱ्यानं चुकीचा मारलाय. म्या काल भोरला त्याच्यापायीच गेलते. ताईंनी कबूल केलंय.’

‘माज्या गळ्याला हात लावून सांग.’

आमच्याकडं गळ्याची शपथ पोरंसोरंसुद्धा जपून घेतात. खोटी घेतली तर ज्याचा गळा त्याच्यावर उलटते. मी हात पुढं केला. बोटांना माळेचे मणी लागले, मण्यांखाली सुरकुतलेली कातडी आणि आत उडणारी शीर.

‘त्यात वशाट न्हाई, आत्याबाई.’

त्यांचा चेहरा निवळला. इतका, की मला रडू यायला हवं होतं. रडू नाही आलं, राग आला. वैदेहीताईंचा आला, शिवानीचा आला, आणि सगळ्यात जास्त या म्हातारीचा आला. माझ्यावर एवढा विश्वास ठेवायचं तिचं काय अडलं होतं? कुणी सासू सुनेवर ठेवत नाही एवढा. एकदा तरी म्हणायचं, खोटं बोलतीस तू.

‘मग ह्यो जाळ नगं मला,’ त्या म्हणाल्या. ‘आपलं नेहमीचंच दे.’

‘ते संपलंय.’

‘कुठं संपलंय?’ त्या भिंतीला धरून उठल्या, फळीवरचा स्टीलचा डबा काढला, झाकण उघडून माझ्या पुढ्यात ठेवला. ‘हे बघ की, आर्धा डबा हाय.’

‘आज ऱ्हाऊ द्या, आत्याबाई.’

‘का?’

 ज्यात वशाट नाही ते आज का राहू द्यायचं, याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. गळ्यावरचा हात काढून अजून घटकाही झाली नव्हती. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या आणि निवळलेला चेहरा कपाळापासून पुन्हा आवळत चालला होता. अजून थोडा वेळ मी तशीच बसले असते तर त्यांना सगळं कळलं असतं.

मी डब्यातून चमचाभर पूड घेतली आणि मधात कालवली. तोवर जे भरवलं ते मला ठाऊक नव्हतं, असं देवापुढं म्हणायची सोय तरी होती. आत्याबाई पुन्हा भिंतीला टेकून बसल्या, डोळे मिटले, तोंड उघडलं. मी चमचा तोंडात घातला आणि त्यांनी तो नीट चाटून पुसून घेतला.